नोकरी आणि करिअरची ऑनलाइन माहिती: खान्देशातल्या मुलांनी कुठे पाहावं, काय तयार ठेवावं

जळगाव-धुळ्याच्या आपल्या मोहल्ल्यांत नोकरीची बातमी बहुतेक वेळा व्हॉट्सॲपवरच येते. 'रेल्वेत मोठी भरती, दहावी पास, लवकर फॉर्म भरा' असा मेसेज, खाली एक लिंक, आणि तारीख कुठेच नाही. कधी तो दोन वर्षांपूर्वीचा निघतो, कधी सरळ खोटा. खरा असला तरी आपल्यापर्यंत पोहोचतो तेव्हा मुदत संपायला एखादा दिवस उरलेला असतो. मग अब्बू मुलाला घेऊन नेट कॅफेवर धावतात, आणि तिथे कळतं की आधारवर नाव एक आहे आणि दहावीच्या प्रमाणपत्रावर दुसरं.

या लेखात कोणत्या मुलाने कोणतं पोर्टल पाहावं, कुठे पैसे लागतात आणि कुठे लागत नाहीत, ते सांगितलं आहे. पण वर्गात आणि पालक सभेत इतकी वर्षं जे दिसतं त्यावरून सांगते, साइट सापडली नाही म्हणून फार कमी मुलं मागे राहतात. कागद जुळले नाहीत म्हणून राहणारी जास्त. म्हणून कागदांचं आधी.

नाव जुळलं पाहिजे

खान्देशात आपल्याकडे नाव लिहायची एक पद्धत आहे. समजा मुलाचं नाव आसिफ, वडिलांचं रशीद. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये लिहिलं जातं 'शेख आसिफ शेख रशीद'. आधार केंद्रावर तेच झालं 'आसिफ शेख'. पॅनवर 'शेख आसिफ रशीद'. इंग्रजीत तर आणखी मजा. कुठे एस-एच-ए-आय-के-एच, कुठे एस-एच-ई-आय-के-एच, कुठे नुसतं एस-एच-ई-के-एच. मोहम्मद कुठे पूर्ण, कुठे 'मोहद', कुठे 'एमडी'. ऑनलाइन फॉर्मला मात्र पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव असे तीन रकाने असतात, आणि त्याला आपल्या घरातली पद्धत ठाऊक नसते.

पूर्वी अशा फरकासाठी प्रतिज्ञापत्र जोडून भागायचं. आता नोंदणी करतानाच आधार पडताळणी होते. रेल्वे भरती मंडळ सांगतं की आधारवरचं नाव आणि जन्मतारीख दहावीच्या प्रमाणपत्राशी तंतोतंत जुळवून घ्या. कर्मचारी निवड आयोगाच्या, म्हणजे एसएससीच्या, एकदाच करायच्या नोंदणीतही नाव दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणेच टाकावं लागतं. थोडक्यात, दहावीचं प्रमाणपत्र हा मूळ कागद. बाकी सगळे कागद त्याच्यासारखे करायचे.

त्यामुळे ज्यांची मुलं आज आठवी-नववीत आहेत त्यांनी या महिन्यातच शाळेत जाऊन जनरल रजिस्टरमधली नोंद डोळ्याने पाहावी. नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, जात, सगळं. मूल शाळेत असेपर्यंत पुरावा देऊन, शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीने दुरुस्ती होते. शाळा सोडल्याचा दाखला एकदा हातात पडला की काम अवघड होऊन बसतं. दहावीच्या परीक्षेचा फॉर्म भरल्यावर शाळेत यादी तपासायला देतात, ती यादी पालकांनी स्वतः वाचावी. आपल्या जिल्ह्यांचं विभागीय मंडळ नाशिकला आहे, आणि एका अक्षरासाठी नाशिकचा हेलपाटा कुणालाच परवडत नाही.

आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच. म्हणून घाईघाईत कुणाच्या सांगण्यावरून बदलू नका. दहावीचं प्रमाणपत्र समोर ठेवूनच बदला. जन्मतारखेचा घोळ जुना आहे. एके काळी शाळेत नाव घालताना तारीख माहीत नसली की गुरुजी १ जून टाकायचे, आणि निम्म्या गावाचा वाढदिवस एकाच दिवशी यायचा. आता तशी मोकळीक नाही. प्रमाणपत्रावरचं नावच बदलायचं असेल तर राज्य शासनाच्या राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घ्यावा लागतो. त्याचा अर्ज ऑनलाइन भरता येतो.

मुलींच्या बाबतीत एक वेगळी अडचण येते. शाळेत 'शबानाबी शेख सलीम', आणि निकाहनंतर सहा महिन्यांत सासरच्या नावाने नवं आधार. पुढे तीच मुलगी बीएडला किंवा नर्सिंगला जायचं म्हणते तेव्हा दोन नावांची दोन माणसं तयार झालेली असतात. निकाहनंतर नाव बदलायची कायद्याने सक्ती नाही. शिकणाऱ्या किंवा नोकरी करू पाहणाऱ्या मुलीचं नाव आहे तसंच राहू द्यावं. आधारवरचा पत्ता तेवढा बदलावा.

मोबाइल कुणाचा, ईमेल कुणाचा?

नेट कॅफेवर फॉर्म भरताना दुकानदार स्वतःचाच ईमेल टाकतो, कधी मोबाइल नंबरही. त्याला ते सोपं पडतं. पण पासवर्ड, ओटीपी, हॉल तिकिटाची सूचना, कागदपत्र पडताळणीची तारीख, सगळं त्याच ईमेलवर जातं. त्याने पाहिलं तर पाहिलं. परीक्षा होऊन गेल्यावर 'मॅडम, मला कळलंच नाही' म्हणत आलेली मुलं दर वर्षी भेटतात.

दहावी झाली की मुलाचा स्वतःचा ईमेल तयार करा. मोबाइल नंबर असा द्या जो पुढची पाच वर्षं बंद होणार नाही. रिचार्ज संपून सिम बंद पडलं की तो नंबर दुसऱ्याला जातो. आधारला हाच नंबर जोडा. पासवर्ड घरातल्या वहीत लिहून ठेवा. आणि डिजिलॉकर हे सरकारी ॲप मोबाइलवर घ्या. त्यात आधार, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका वगैरे शासनाकडून थेट येतात आणि मूळ कागदाइतक्याच ग्राह्य धरल्या जातात. झेरॉक्सचा गठ्ठा घेऊन फिरायचं कमी होतं.

दाखले: जाहिरात येण्याआधी

बऱ्याच घरांत समजूत आहे की आरक्षण 'आपल्यासाठी' नसतं. असं सरसकट नाही. पिंजारी, बागवान, मनियार, तांबोळी अशा कितीतरी बिरादऱ्या राज्याच्या इतर मागासवर्गाच्या यादीत आहेत. यावल, रावेर, चोपडा भागातले आपले तडवी भिल्ल बांधव अनुसूचित जमातीत मोडतात, आणि अनुसूचित जमातीला धर्माची अट नाही. जे कोणत्याच यादीत नाहीत, बहुतेक सय्यद, पठाण आणि शेख घरं, त्यांना आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांचं, म्हणजे ईडब्ल्यूएसचं १० टक्के आरक्षण खुलं आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं. केंद्राच्या नोकरीसाठी शेती ५ एकरांपेक्षा कमी आणि घर-प्लॉटच्या मर्यादाही पाहतात. हा दाखला दर आर्थिक वर्षाला नवा काढावा लागतो. आपल्याकडे तो फार कमी लोक काढतात.

ओबीसीच्या जात प्रमाणपत्रासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीपासून महाराष्ट्रात राहत असल्याचा पुरावा लागतो, अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा. म्हणजे आजोबांच्या शाळेचा दाखला, जुना सातबारा, जन्म-मृत्यूच्या नोंदीचा उतारा असलं काही. अडचण अशी की कित्येक जुन्या दाखल्यांवर जातीच्या रकान्यात नुसतं 'मुसलमान' लिहिलेलं आहे. तेव्हा मामा-काका-आत्या, सगळ्यांचे कागद धुंडाळायला बसावं लागतं, पण जात वडिलांकडून धरतात, त्यामुळे वडिलांच्या बाजूची नोंद उपयोगी पडते. हे काम जाहिरात आल्यावर पंधरा दिवसांत होत नाही. मूल अकरावीत गेलं की सुरू करा.

अर्ज 'आपले सरकार' पोर्टलवर किंवा सेतू केंद्रात भरायचा. प्रत्येक दाखल्याला मुदत ठरलेली आहे, आणि २०१५ च्या सेवा हक्क कायद्यामुळे मुदतीत मिळाला नाही तर तिथेच अपील करता येतं. जात प्रमाणपत्र मिळालं म्हणजे संपलं असं समजू नका. पडताळणी, म्हणजे व्हॅलिडिटी, वेगळी. ओबीसीसाठी जिल्हा समिती आहे आणि अर्ज बार्टीच्या पोर्टलवरून जातो. अनुसूचित जमातीची तपासणी समिती वेगळी. शिवाय ओबीसीला नॉन-क्रिमीलेअर दाखला लागतो. केंद्राच्या नोकरीसाठी, म्हणजे रेल्वे, टपाल, बँक यांच्यासाठी, ओबीसी दाखल्याचा नमुना वेगळा असतो आणि यादीही वेगळी. राज्याचा दाखला जोडला आणि खुल्या प्रवर्गात ढकलले गेले, असं होऊ देऊ नका.

काय व्हायचं, हे कुठे पाहायचं?

पालक सभेत पालक बहुतेक तीनच प्रश्न विचारतात. डॉक्टर होईल का, इंजिनिअर होईल का, नाहीतर डीएड करू का? जग याहून बरंच मोठं आहे. केंद्र सरकारच्या नॅशनल करिअर सर्व्हिसवर, म्हणजे एनसीएसवर, साडेतीन हजारांहून जास्त व्यवसायांची माहिती आहे. कोणत्या कामाला काय शिकावं लागतं, कुठपर्यंत जाता येतं, असं. मजकूर बहुतांश इंग्रजीत, जरा रुक्ष आहे. पण मुलासोबत बसून आठवड्याला दोन व्यवसाय वाचले तरी डोकं मोकळं होतं. राज्य शासनाने २०२० मध्ये युनिसेफच्या मदतीने नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी महाकरिअर पोर्टल आणलं होतं. त्यात शाळेने दिलेल्या सरल आयडीने शिरायचं. तो आयडी वर्गशिक्षकांकडे असतो, मागून घ्यावा. उर्दू वाचणाऱ्या घरांत मुबारक कापडी साहेबांचे करिअरवरचे लेख कित्येक वर्षांपासून वाचले जातात. ते आजही मुलांच्या हाती द्यावेत असेच.

पण माझा आग्रह असा, की आधी आपल्या आजूबाजूला काय चालतं ते पाहा आणि मग पोर्टल उघडा. जळगाव एमआयडीसीत पीव्हीसी पाइप, ठिबकचं साहित्य आणि प्लॅस्टिकच्या चटया बनतात. आपली कितीतरी माणसं तिथे मशीनवर उभी राहतात. त्याच उद्योगाचं रीतसर शिक्षण सिपेट ही केंद्र सरकारची संस्था देते, आणि तिचं केंद्र छत्रपती संभाजीनगरला आहे. दहावीनंतर तीन वर्षांची पदविका आहे, प्रवेश परीक्षा ऑनलाइन फॉर्म भरून देता येते. मशीन चालवणाऱ्याच्या मुलाने मोल्डची रचना शिकावी, यात केवढा फरक आहे! धुळ्यात यंत्रमाग आहेत. माग चालवण्यापलीकडे कापडाचं तंत्रज्ञान नावाची पदवी असते, ती शिरपूरला आणि इचलकरंजीला शिकवतात, हे मागावरच्या किती घरांना माहीत आहे? शिरपूरचं शिक्षण खासगी आणि महाग आहे, तेव्हा शिष्यवृत्तीचा हिशेब आधी करावा. जळगाव आणि धुळे, दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. दवाखान्यात डॉक्टरशिवाय लॅब, एक्स-रे, ऑपरेशन थिएटर, डायलिसिस सांभाळणारे तंत्रज्ञ लागतात. बारावी सायन्स करून नीटमध्ये नंबर न लागलेल्या मुलींनी घरी बसण्यापेक्षा हे अभ्यासक्रम पाहावेत.

आयटीआयचा प्रवेश व्यवसाय शिक्षण संचालनालयाच्या पोर्टलवर, अभियांत्रिकी-फार्मसी-नर्सिंगचा सीईटी सेलच्या. अकरावीचा प्रवेशही २०२५ पासून साऱ्या राज्यात ऑनलाइन झाला आहे. स्वयम पोर्टलवर (२०१७ पासून) विद्यापीठ पातळीचे कोर्स फुकट शिकता येतात, परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवं असेल तरच फी.

एनसीएस आणि महास्वयम

एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं कार्ड आठवतं? दर तीन वर्षांनी नूतनीकरण करायचं, आणि कॉल कधी यायचाच नाही. त्याची जागा आता दोन पोर्टल्सनी घेतली आहे. एनसीएस २० जुलै २०१५ ला सुरू झालं, त्याचा मदत क्रमांक १५१४. राज्याचं महास्वयम, मदत क्रमांक १८००-१२०-८०४०. दोन्हीकडे नोंदणी मोफत. जिल्ह्याच्या ठिकाणचं जुनं कार्यालय आता जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र म्हणून ओळखलं जातं, आणि तिथे प्रत्यक्ष जाऊनही नोंदणी करून मिळते. पंडित दीनदयाळ उपाध्याय रोजगार मेळाव्यांच्या तारखा महास्वयमवरच लागतात.

या पोर्टलवर नाव टाकलं आणि नोकरी घरी आली, असं होत नाही. मात्र काही योजनांचं दारच तिथून आहे. २०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत १८ ते ३५ वयाच्या उमेदवाराला कार्यालयात किंवा कारखान्यात काम शिकायला मिळतं. सुरुवातीला ठरलेलं विद्यावेतन बारावी पासला महिना ६ हजार, आयटीआय किंवा पदविकेला ८ हजार, पदवीधराला १० हजार असं होतं. ही कायम नोकरी नाही, हे आधीच समजून जावं. केंद्राची पंतप्रधान इंटर्नशिप योजनाही त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आली. वय २१ ते २४, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत, महिना ५ हजार, सुरुवातीला एकदा ६ हजार, मुदत एक वर्ष आणि मोठ्या कंपन्यांत काम. अर्ज करण्याआधी त्या वेळच्या अटी पोर्टलवर वाचून घ्या, त्या बदलत असतात.

भुसावळ जवळ आहे

आयटीआय झालेल्या मुलांनी सगळ्यात आधी शिकाऊ उमेदवारी, म्हणजे अप्रेंटिसशिप, पाहावी. १९६१ च्या कायद्यानुसार ठरावीक कामगारसंख्येच्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. आपल्या दारातच किती जागा आहेत बघा. भुसावळला रेल्वेचं विभागीय ठाणं, विद्युत इंजिनांचं शेड आणि कारखाना. दीपनगरला औष्णिक वीज केंद्र. भुसावळ आणि वरणगाव, दोन आयुध निर्माणी. जळगाव आणि धुळ्याला एसटीचे विभाग, महावितरणची मंडळ कार्यालयं.

मध्य रेल्वेची अप्रेंटिस जाहिरात रेल्वे भरती कक्षाच्या साइटवर येते. त्यात मुंबई, पुणे, नागपूर, सोलापूर यांच्याबरोबर भुसावळ असा स्वतंत्र गट असतो. अलीकडच्या जाहिरातींत सगळे गट मिळून दोन हजारांवर जागा होत्या. लेखी परीक्षा नाही. दहावीचे आणि आयटीआयचे गुण धरून गुणवत्ता यादी लागते. वय १५ ते २४, दहावीला किमान ५० टक्के. म्हणजे दहावीत ४८ टक्के मिळवून 'आयटीआयच तर करायचंय' म्हणणाऱ्या मुलाचं हे दार तिथेच बंद होतं. हे मी नववीच्या वर्गात सांगते, कारण दहावीच्या निकालानंतर सांगून उपयोग नाही. अप्रेंटिस झाला म्हणजे रेल्वेची नोकरी लागली असं नाही, पण लेव्हल-१ च्या भरतीत २० टक्के जागा अप्रेंटिसशिप पूर्ण केलेल्यांसाठी असतात.

आयुध निर्माण्या २०२१ पासून कंपन्या झाल्या. भुसावळची यंत्र इंडियाकडे, वरणगावची म्युनिशन्स इंडियाकडे. त्यांच्या जाहिराती त्या कंपन्यांच्या साइटवर पाहाव्यात. यंत्र इंडिया आयटीआय न केलेल्या दहावी पास मुलांनाही अप्रेंटिस म्हणून घेते. बाकी सगळ्यांसाठी केंद्राचं अप्रेंटिसशिप इंडिया पोर्टल, आणि पदविका-पदवीवाल्यांसाठी एनएटीएस.

सरकारी परीक्षा: भाषा निवडताना

उर्दू माध्यमातून शिकलेल्या मुलांना वाटतं की सरकारी परीक्षा म्हणजे इंग्रजी किंवा हिंदी. एसएससीच्या एमटीएस, सीएचएसएल आणि जीडी कॉन्स्टेबल या परीक्षा आता मराठीत देता येतात आणि उर्दूतही. रेल्वेच्या परीक्षांचंही तसंच. फॉर्ममध्ये भाषा एकदा निवडली की ती बदलत नाही. म्हणून आधी दोन्ही भाषांतल्या सराव प्रश्नपत्रिका सोडवून पाहा. गणिताच्या संज्ञा मूल कोणत्या भाषेत पटकन ओळखतं, त्यावर ठरवा. घरी उर्दू बोलतो म्हणून उर्दू, असा हिशेब नको.

राज्याच्या नोकऱ्यांत मात्र मराठीशिवाय गत्यंतर नाही. पोलीस भरतीची लेखी परीक्षा मराठीत, एमपीएससीतही मराठीचा पेपर. मोहल्ल्यात राहून मराठी कच्चं राहतं, आणि मैदानी चाचणीत पुढे असलेला मुलगा लेखीत मागे पडतो. अल्पसंख्याक विकास विभागाची पोलीस भरतीपूर्व प्रशिक्षणाची योजना आहे, तिची चौकशी जिल्हाधिकारी कार्यालयात करावी. यूपीएससीची तयारी करणाऱ्यांनी जामिया मिल्लियाच्या निवासी कोचिंग अकादमीची प्रवेश परीक्षा पाहावी. अल्पसंख्याक, अनुसूचित जाती-जमाती आणि महिलांना तिथे मोफत शिकवतात.

एसएससीची साइट २०२४ मध्ये बदलली. जुन्या साइटवर नोंदणी केलेल्यांना नव्यावर पुन्हा करावी लागते. बहुतेक सरकारी साइटचा पत्ता 'जीओव्ही डॉट इन' ने संपतो, पण यावर डोळे झाकून जाऊ नका. सीईटी सेलचा पत्ता 'डॉट ओआरजी' आहे, मध्य रेल्वे भरती कक्षाचा 'डॉट कॉम'. खात्रीचा मार्ग असा, की मूळ जाहिरातीच्या पीडीएफमध्ये छापलेला पत्ताच टाइप करायचा. मेसेजमधल्या लिंकवर बोट ठेवायचं नाही.

शिक्षक व्हायचंय? मग पवित्र पोर्टल समजून घ्या. टीईटी पास होणं वेगळं, आणि टेट ही अभियोग्यता चाचणी वेगळी. टेटच्या २०० गुणांवर पोर्टलमधून निवड होते, उर्दू माध्यमाच्या जागाही त्यातूनच भरतात. पण पहिली टेट डिसेंबर २०१७ मध्ये झाली आणि दुसरी २०२३ मध्ये. मधली पाच वर्षं डीएड-बीएड करून बसलेल्या मुलींचं काय झालं, ते प्रत्येक मोहल्ल्यात ठाऊक आहे. मी स्वतः बीएड आहे, तरी सांगते, घराजवळचा आणि 'मुलींसाठी बरा' एवढ्याच कारणाने हा मार्ग धरू नका.

खासगी ॲप आणि फसवणूक

नोकरी डॉट कॉम (१९९७ पासूनचं), इंडीड, लिंक्डइन ही शिकलेल्या, थोडा अनुभव असलेल्या मुलांसाठी. अपना आणि वर्कइंडिया ही दहावी-बारावी झालेल्यांच्या कामांसाठी. जळगाव किंवा धुळे टाकून शोधलं तर बहुतेक सेल्स, डिलिव्हरी, कलेक्शन, विमा असंच समोर येतं. चांगल्या जागा पुणे, नाशिक, सुरतेत दिसतात. इथल्या डाळ मिल, गॅरेज, कापड दुकानांतली कामं आजही तोंडी सांगण्यावरच मिळतात. ती ॲपवर शोधत बसू नका, जाऊन विचारा.

नोकरी देणारा पैसे देतो, घेत नाही. रजिस्ट्रेशन फी, युनिफॉर्मचं डिपॉझिट, लॅपटॉपचा चार्ज, मेडिकलची फी, यातलं काहीही मागितलं की फोन ठेवायचा. टेलिग्रामवर 'व्हिडिओ लाइक करा, पैसे मिळवा' असं सांगतात, पहिले दीडशे रुपये खरेच खात्यात येतात, मग मोठ्या टास्कसाठी पैसे भरायला लावतात आणि ते गेले ते गेलेच. घरबसल्या डेटा एंट्रीचाही प्रकार आहे. ऑनलाइन करार करून घेतात, मग काम चुकलं म्हणून वकिलाच्या नावाने नोटीस आणि दंडाची मागणी. घरातल्या बायका यात जास्त अडकतात आणि भीतीपोटी कुणाला सांगत नाहीत. अशी नोटीस आली तर एक रुपयाही देऊ नका. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा. तासा-दोन तासांत फोन गेला तर समोरच्या खात्यातली रक्कम गोठवता येण्याची शक्यता असते. बँक खातं किंवा सिम 'भाड्याने' देऊन कमिशन मिळतं असं कुणी मुलांना सांगत असेल तर ती नोकरी नाही, गुन्ह्यातली भागीदारी आहे, आणि पोलीस खातेदाराच्या दारात येतात.

आखातात जाताना

पासपोर्टवर ईसीआर असेल, म्हणजे साधारणपणे दहावी झालेली नसेल, तर सौदी, कुवेत, कतार, ओमान, बहरीन, यूएईसह १८ देशांत नोकरीसाठी जाताना इमिग्रेशन क्लिअरन्स लागतो. तो ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवरून मिळतो. दहावी पास झालं की ही अट सुटते. दहावी पूर्ण करायला एवढं एक कारणही पुरे आहे.

ई-मायग्रेटवर परवानाधारक एजंटांची यादी आहे. एजंटचं नाव आणि परवाना क्रमांक तिथे टाकून पाहा. परवाना चालू आहे, रद्द आहे की नाहीच, ते दिसतं. मुंबईच्या एजंटचा 'सब-एजंट' म्हणून गावात फिरणाऱ्याला कायद्यात जागा नाही. एजंट घेऊ शकतो ती कमाल फी ३० हजार रुपये आणि वर जीएसटी, पावतीसह. लाख-दीड लाख मागणारा कितीही ओळखीचा असो, कायदा मोडतोय. ईसीआर कामगाराला प्रवासी भारतीय विमा योजनेत १० लाखांचं विमा संरक्षण मिळतं, दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये. तो काढल्याशिवाय विमानात बसू नये.

'आधी व्हिजिट व्हिसावर जा, तिथे बदलून देऊ' हे वाक्य ऐकलं की थांबायचं. थायलंड, कंबोडिया, लाओस, म्यानमारमध्ये कॉम्प्युटरच्या नोकरीचं आमिष दाखवून नेलेल्या मुलांना कोंडून ऑनलाइन फसवणुकीची कामं करायला लावल्याची प्रकरणं देशभर उघडकीस आली आहेत. चार कॉम्प्युटर कोर्स केलेली मुलंच तिकडे ओढली जातात.

अडचण आली तर परराष्ट्र मंत्रालयाचं मदद पोर्टल आणि प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा १८००-११-३०९० हा क्रमांक, दोन्ही घरच्यांकडे लिहून ठेवा. तिकडे गेलेल्याच्या हातात कधी कधी फोनही राहत नाही. आणि व्हिसाची प्रत आली की ती अरबी येणाऱ्या एखाद्या मौलानांकडून वाचून घ्या. हुद्द्याच्या जागी 'आमिल' असेल तर मजूर, 'साइक खास' असेल तर घरगुती ड्रायव्हर, 'राई' असेल तर मेंढ्या चारणारा. एजंटने इलेक्ट्रिशियन सांगितलं आणि कागदावर दुसरंच निघालं, तर पासपोर्ट परत मागून घ्यायची वेळ तीच.